मुकीची मोजणी

१

हे कुणालाही सांगायचं नाही असं मावशीने मला बजावलं होतं. "खोलीतलं खोलीत राहू दे," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली. मला ते अवघडही वाटलं नाही. मी तशीही कुणाला काहीच सांगत नाही. पण लिहू नकोस, असं काही ती म्हणाली नव्हती. म्हणून विज्ञानाच्या प्रकल्पवहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. उद्या मी स्वतः येऊन हसत हसत म्हणाले, की अहो, ती सगळी थाप होती, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या अक्षरावर ठेवा.

आमच्या घरात आम्ही तिघी. पुढच्या खोलीत आई शिलाई मशीन चालवते. मधल्या खोलीत मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, झाडपाल्याची औषधं देते. ती एकदा बोलायला लागली की समोरच्याचा खोकला आपोआप थांबतो, कारण त्याला मध्ये शिरायला जागाच मिळत नाही. मागची खोली औषधांची. तिथे बरण्यांच्या फळ्या आहेत, एक खलबत्ता आहे, जाळीची खिडकी आहे आणि खिडकीखाली स्टुलावर एक टवका उडालेली कुंडी आहे. त्या कुंडीत मुकी आहे.

मुकीचं खरं नाव आम्हाला माहीत नाही. विज्ञानाच्या बाईंनी तीन पुस्तकं चाळली, त्यांनाही सापडलं नाही. ती मूळची कुठल्या तरी दमट, उष्ण रानातली. पानं जाड, लव असलेली, खालून जांभळी. मुळी उगाळून सुजेवर लावतात, साल दाढेखाली धरतात, पण खरं औषध म्हणजे पान, आणि तेही गळ्यासाठी. खोकला, घोगरेपणा, बसलेला आवाज.

मुकी नाव का, ते सांगते. पंखा लावला की त्या खोलीतलं सगळं वाजतं. कॅलेंडर फडफडतं, पुड्यांचे कागद सळसळतात, जाळीत अडकलेली वाळकी काडीसुद्धा टिकटिक करते. मुकीची पानंही हलतात. पण त्यांचा आवाज होत नाही. लहानपणी मी कान लावून पाहिलं होतं. टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघावं, तसं वाटलं होतं.

"आमच्या घरात दोन मुक्या," मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "एक कुंडीत, एक दाराआड."

दाराआडची मी.

२

मुकीचं पान घेण्याची एक पद्धत आहे. पान चावायचं, जिभेखाली धरायचं आणि मनात शंभरपर्यंत मोजायचं. मग चोथा वाटीत थुंकायचा, आणि तो चोथा संध्याकाळच्या आत त्याच कुंडीत पुरायचा. केराच्या डब्यात टाकायचा नाही, मोरीत तर नाहीच नाही.

"का पण?" असं एकदा आईने विचारलं होतं.

"शेजारणीकडून भांडं आणलं तर परत देतेस ना?" मावशी म्हणाली. "तसंच हे."

"मी घासून देते," आई म्हणाली.

गेल्या महिन्यात मोठी बरणी उचलताना मावशीची कंबर धरली. डॉक्टरांनी महिनाभर आडवं राहायला सांगितलं. ती वरच्या खोलीत झोपली आणि काठीने जमीन ठोकून घर चालवायला लागली. एक ठोका म्हणजे पाणी. दोन ठोके म्हणजे आईला पाठव. तीन ठोके म्हणजे मला हाक. शाळेतून आल्यावर औषधं देण्याचं काम माझ्यावर पडलं. 

पहिल्याच दिवशी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आले. त्यांचा खोकला सगळ्या शाळेला पाठ आहे. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी "अं" असा शेपटीसारखा सूर. मी पान दिलं. त्यांनी डोळे मिटून बोटं मोडत शंभर मोजले. आता त्यांच्यापुढे वाटी धरून "थुंका" म्हणायचं होतं. मुख्याध्यापकांना! मी वाटी धरली आणि छताकडे बघत राहिले.

"हे काय?" ते तोंडात पान धरून म्हणाले. "पीददाणी?"

"ओ सर, थुंका की तिच्यात," पुढच्या खोलीतून आई ओरडली. "ती बोलायची नाही. संध्याकाळपर्यंत उभी राहील तशीच."

ते थुंकले. वाटी घेऊन मी मागच्या खोलीत पळाले.

त्यांच्यामागून एक बसकंडक्टर आला. पंधरा वर्षं ओरडून त्याचा आवाज चप्पल घासल्यासारखा झाला होता. त्याने आपला चोथा मी न सांगताच दिला. भला माणूस. मी दोन्ही चोथे कुंडीत पुरले, हात धुतले, आणि जीव भांड्यात पडला असं मला वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत मी पुड्या बांधत बसले होते. आईचं मशीन थांबलं होतं. मागच्या रिकाम्या खोलीतून खोकला आला. दोन आखूड, एक लांब, "अं".

मुख्याध्यापक मागच्या दाराने आले असतील, असं मला आधी वाटलं. पण आमच्या घराला मागचं दार नाही. मांजर असेल, तर ते शाळेत येऊन हे शिकलं असलं पाहिजे. मी दारातून डोकावले. बरण्या होत्या. खलबत्ता होता. मुकी होती. कॅलेंडर हलत होतं.

मी वळले तेव्हा माझ्या पाठीमागे कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे."

मी खरंच दोन पावलं पुढे सरकले. सवयीने.

मग वर पळाले. मावशी उताणी पडून वाटाणे सोलत होती, पोटावर परात ठेवून.

"कुंडी खोकतेय," मी कुजबुजले.

"मोठ्याने बोल."

"कुंडी खोकतेय. मुख्याध्यापकांसारखी."

"मग त्यांना आज बरं वाटत असेल," मावशी म्हणाली. "अगं, माणसाचा खोकला थांबला म्हणजे संपला असं थोडंच असतं? कुठे तरी जायलाच हवा ना तो. चार-सहा दिवस खोकेल आणि गप्प बसेल. खोलीतलं खोलीत राहू दे. आणि हे वाटाणे खाली ने, दोन किडके आहेत."

मी वाटाणे खाली आणले. दोनच किडके होते. मावशीचं कधी चुकत नाही, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

४

माझ्यापुढे त्याहून मोठं संकट होतं. शुक्रवारी शाळेच्या सभागृहात मला माझ्या प्रकल्पावर बोलायचं होतं. "मुकी : एक दुर्लक्षित औषधी वनस्पती." दहा मिनिटं. सगळ्यांसमोर.

मागच्या वर्षी मी असंच व्यासपीठावर उभी राहिले होते. चार मिनिटं माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. शेवटी मी वाकून नमस्कार केला आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण लोकांना तो मूकाभिनय वाटला होता. मला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. ते कपाटात मी उलटं ठेवलंय.

बुधवारी दुपारी चार वाजता मी मुकीसमोर उभी राहिले. माझा गळा दुखत नव्हता. पण गळ्याचंच दुखणं ना हे, असा मी विचार केला. आवाज तिथूनच येत नाही. मी पान तोडलं. ते नेहमीसारखंच बिनआवाजाचं तुटलं. चावलं, जिभेखाली धरलं. कडू नव्हतं. जिभेखाली आणखी एक लहान जीभ ठेवल्यासारखं लागलं. मी मोजायला लागले.

बाहत्तरवर होते तेव्हा वरून तीन ठोके आले. धाड, धाड, धाड.

"आले!" मी ओरडले.

इतक्या मोठ्याने मी जन्मात ओरडले नव्हते. आईचं मशीन थांबलं. ओरडण्याच्या नादात पान तोंडातून उडून मुकीच्या मातीवर पडलं. मी ते घाईघाईने बोटाने आत दाबलं आणि वर पळाले. जाताना भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मावशीला फक्त उशी सरळ करून हवी होती.

५

गुरुवारी मला काही तरी ऐकू आलं, पण मशीन चालू होतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

शुक्रवारी मी बोलले. दहा मिनिटं नाही, पंचवीस. मुळी, साल, पान, सगळं सांगितलं. मध्ये दोन विनोद केले. मागच्या रांगेतल्या मुलांना गप्प बसवलं. विज्ञानाच्या बाई तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. शेवटी त्यांना मला हात धरून खाली उतरवावं लागलं, कारण पुढच्या मुलीचा ज्वालामुखी वाळत चालला होता. मुख्याध्यापक एकदाही खोकले नाहीत. ते म्हणाले, "हिच्यात हे कुठे दडलं होतं?"

घरी आले ती बोलतच आले. आई म्हणाली, "अगं, श्वास घे मध्ये." मी हसत हसत मागच्या खोलीत दप्तर ठेवायला गेले. चार वाजून दहा झाले होते. मशीन बंद होतं.

"चौऱ्याहत्तर," मुकी म्हणाली.

त्या खोकल्यासारखा हा आवाज दुसऱ्या कुणाचा उसना नव्हता. बारीक होता. दाराआडून आल्यासारखा. शेवटचं अक्षर गिळणारा. तो माझा आवाज होता, बुधवारपर्यंतचा.

६

मी शास्त्रीय पद्धतीने वागायचं ठरवलं. शनिवारी कुंडीला कान लावून बसले. पंचाहत्तर. रविवारी घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं. मुकी फसली नाही. तिने खऱ्या चार-दहालाच शहात्तर म्हटलं, आणि आईची मात्र बस चुकली. सोमवारी कानात कापूस घातला. सत्त्याहत्तर कापसाच्या आतून ऐकू आलं.

ऐंशीच्या दिवशी मी मावशीला सगळं सांगितलं. हल्ली सांगायला काहीच अडचण पडत नव्हती.

मावशीने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "किती मोजले होतेस?"

"बाहत्तर."

"बाहत्तरवर थुंकलीस?"

"तू ठोकलंस म्हणून!"

"उशी टोचत होती," मावशी म्हणाली. थोडा वेळ ती गप्प बसली. मी मावशीला गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा त्या वेळी अनोळखी दिसला, कुणी घरात नसताना घर दिसतं तसा. "आपण अर्धवट सोडलं की ती पुरं करते," ती म्हणाली. "शंभर आधी कोण म्हणतं, त्यावर सगळं आहे. मोठ्याने म्हणायचं. तिच्यासमोर. तिचे शंभर भरतील त्याच दिवशी, तिच्या आधी."

"आणि तिने आधी म्हटलं तर?"

"मी अठ्ठ्याण्णववर थुंकले होते," मावशी म्हणाली. "तुझ्याएवढी असताना. दोनच दिवसांत निकाल लागला."

"मग कोण म्हणालं आधी? तू?"

"मी," मावशी म्हणाली. मग हसली आणि विणकाम उचललं. "म्हणजे मीच की. हे काय विचारणं झालं? जा, दूध उतू जातंय."

दूध खरंच उतू जात होतं.

संध्याकाळी मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, की मावशी लहानपणीही इतकी बोलायची का.

"छे गं," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "तोंड उघडायची नाही. पाहुणे आले की पलंगाखाली. मग एके दिवशी दुपारी अशी बोलत सुटली की आजोबा म्हणाले, ही आपली थोरली की दुसऱ्या कुणाची? एवढं सगळे हसलो." तिने दाताने दोरा तोडला. "माझी वेणी घालायची ती रोज. त्यानंतर कधी घातली नाही. विसरले म्हणाली, कशी घालतात ते."

७

पुढचे दिवस घरात सगळे खूश होते. मी दुकानात भाव करायला लागले. कंडक्टरला म्हणाले, "काका, आता तुम्ही ओरडू नका, शिट्टी घ्या." मुख्याध्यापकांना त्यांच्याच भाषणातली चूक दाखवली. आई सगळ्यांना सांगत सुटली, पोरगी सुधारली. कुणालाही माझी काळजी वाटत नव्हती. असं याआधी कधी झालं नव्हतं.

फक्त एक होतं. मी काय बोलणार ते मला आधी कळेनासं झालं. वाक्य तोंडातून बाहेर पडायचं आणि मग मी ते ऐकायचे, इतरांबरोबर. विनोद असला तर मीही हसायचे. काही विनोद चांगले होते.

एक्याण्णवच्या दिवशी मी पुढच्या खोलीत उभी राहून कंडक्टरशी गप्पा मारत होते. तेवढ्यात माझा आवाज मला भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू आला. समोर कंडक्टरचा चेहरा होता, पण एक क्षणभर त्यावर बारीक जाळी होती. खिडकीची जाळी. तिच्यात अडकलेली काडीसुद्धा होती. पंख्याचा वारा लागला आणि मी हलले. आवाज झाला नाही.

मग पुन्हा सगळं ठीक झालं. "काय गं, थांबलीस का?" कंडक्टर म्हणाला. माझ्या तोंडाने त्याला उत्तर दिलं.

त्या दिवसापासून मी लिहायला लागले. लिहिताना कुणी मध्ये येत नाही. बोलते ती, लिहिते मी. तिला लिहायचा कंटाळा आहे; गृहपाठ तिने एकदाही केलेला नाही. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "बोलणं एवढं आणि वही कोरी?" मी त्यांना मिठी मारणार होते. तिने खांदे उडवले.

सत्त्याण्णवला मी कुंडी उकरायचं ठरवलं. चोथा काढून टाकला की मोजणी थांबेल, असा माझा तर्क होता. चमचा घेऊन मी मुकीची खालची पानं बाजूला केली. आईचं मशीन चालू होतं, ऊन खोलीभर होतं, सगळं अगदी रोजच्यासारखं होतं. मधोमध, मी बोटाने दाबलं होतं त्या जागी, माती थोडीशी वर आली. आणि खाली गेली.

कुणीतरी बोलायच्या आधी आवंढा गिळावा, तशी.

मी चमचा जागेवर ठेवला. तो आवंढा मला माहीत आहे. व्यासपीठावर चार मिनिटं मी तोच गिळत होते. एवढ्या सगळ्या मातीखाली तो कुणाला गिळावा लागतोय, हे मला बघायचं नव्हतं.

८

काल नव्व्याण्णव झालं. आज चार वाजून दहा मिनिटांनी शंभर.

शंभर मला लिहिता येतं. हे बघा, शंभर. शंभर. पण तोंडाने म्हणता येत नाही. चार दिवस सराव करते आहे. एवढी बडबडी मी, पण त्या शब्दाशी आलं की जीभ वाट बदलते. काल आईने विचारलं, "बटणं किती आणलीस?" माझं तोंड म्हणालं, "नव्व्याण्णव आणि एक." आई म्हणाली, "आता मलाही गणित शिकव." आणि हसली. मी रडत होते, पण चेहऱ्यावर काही आलं नाही.

म्हणजे तो शब्द तिच्या आवाजात मला म्हणता येणार नाही. माझ्याच आवाजात म्हणावा लागेल. माझा आवाज मोठ्याने असा एकदाच निघाला आहे. "आले!" म्हणताना. निघतो, एवढं तरी मला माहीत आहे.

आता पावणेचार झालेत. मागच्या खोलीत मुकीसमोर जमिनीवर बसले आहे. पेनाचं टोपण दातात घट्ट धरलं आहे, म्हणजे आयत्या वेळेपर्यंत ती काही बोलणार नाही. पुढे आईचं मशीन चालू आहे. आई एक फ्रॉक शिवते आहे, माझ्यासाठी, लाल. मी लाल कधी घालत नाही. तिने परवा मागून घेतला. आईला तो तिच्या नाही तर माझ्या अंगावर दिसावा, असं मला फार वाटतं. मी तो घालीन. दाराआड उभी राहीन, पण घालीन.

चार वाजले. मुकीच्या सगळ्या पानांची जांभळी बाजू माझ्याकडे वळली आहे. पंखा बंद आहे.

चार वाजून पाच. वेणी घालून घेतली. मला अजून येते.

चार वाजून आठ. आत्ता वरून ठोके आले. तीन. धाड, धाड, धाड.

"आले!" कुणीतरी म्हणालं. माझ्याच आवाजात, त्या बुधवारच्या. टोपण माझ्या दातांत तसंच आहे.

आईचं मशीन थांबलं. वर मावशी हसते आहे. तिने एवढ्या वर्षांत कधी घातली नसेल अशी मऊ हाक घातली, "एकटी नको गं, दोघी या! उशी सरळ करायचीय!"

मातीने आवंढा गिळला. एक मिनिट आहे. वर कुणीही गेलं तरी मी आधी टोपण काढणार आणि तिच्या आधी, मोठ्याने, अगदी आईला ऐकू जाईल असं